खाटेवर लेकरू, खाटेखाली आई

मुंबईत परळला केईएम, मुलांचे वाडिया रुग्णालय आणि टाटा रुग्णालय ही एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. भेटीची वेळ झाली की तिथे डबे आणि फळांच्या पिशव्या घेऊन माणसांची रीघ लागते. आत खाटेवर लेकरू असते, खाटेखाली चटई टाकून आई असते आणि बाहेर फुटपाथवर बाप असतो. येणारा प्रत्येकजण लेकराची चौकशी करतो. आई जेवली का, बाप दोन रात्री कुठे झोपला, हे विचारणारा मात्र क्वचितच भेटतो. आज आम्ही त्या दोघांविषयी लिहीत आहोत.

विनयपिटकाच्या महावग्गात एका आजारी भिक्खूची हकीकत आहे. अतिसाराने तो स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता आणि कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला स्वतः आंघोळ घातली, उचलून खाटेवर निजवले आणि मग संघाला जाब विचारला. तिथेच शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध देता यावे, पथ्य-अपथ्य कळावे, त्याने लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मलमूत्राची व वांतीची किळस करू नये आणि धम्माच्या गोष्टी सांगून आजाऱ्याचे मन प्रसन्न ठेवावे. पहिले चार गुण आपल्या आयांना शिकवावे लागत नाहीत. पाचव्याचे मात्र अवघड असते. जी बाई तीन रात्री जागी आहे, जिने सकाळपासून फक्त चहा घेतला आहे, ती लेकराला कोणत्या तोंडाने हसवणार? आणि लेकरू तर सलाईनच्या बाटलीकडे कमी, आईच्या तोंडाकडेच जास्त पाहते.

इंग्लंडमध्ये १९५० च्या सुमारास आईबापांना इस्पितळात लेकराजवळ फार थोडा वेळ बसू देत. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली एका दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट काढून एकट्या पडलेल्या मुलाचे हाल दाखवले आणि १९५९ च्या प्लॅट समितीने आईबापांना मोकळेपणाने भेटू द्यावे अशी शिफारस केली. आपल्याकडे सार्वजनिक वॉर्डात आई पहिल्यापासून जवळ असते, ही चांगलीच गोष्ट. पण तिला बदली कोण देणार?

इथे वस्तीचे काम सुरू होते. वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला वीस-पंचवीस भगिनी जमतात. त्यांतल्या सातजणींनी एकेक वार वाटून घेतला, तर आईला रोज दोन तास घरी जाऊन आंघोळ करता येईल, आडवे होता येईल, घरच्या दुसऱ्या लेकराला जवळ घेता येईल. एकदम दहाजण भेटायला गेल्याने हे होत नाही. उलट सिस्टर ओरडतात आणि आईला पुन्हा तीच कहाणी दहादा सांगावी लागते.

बापाचे दुखणे कोणाला दिसत नाही. रोजंदारी बुडते, उसनवारी सुरू होते, रक्त आणायला तोच धावतो आणि पुरुषाने रडू नये म्हणून तो रडतही नाही. मग कोणी गुत्त्याची वाट दाखवतो. बापाला तिथून परत आणायचे असेल तर पंचशील ऐकवण्यापेक्षा सोबतीला एक भाऊ द्यावा आणि पैशाचा घोर हलका करावा. त्यासाठी रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटावे. भारतात असा पहिला समाजसेवक मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ साली नेमला गेला, तरी आजही आपली माणसे त्या खोलीचे दार ठोठावायला लाजतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी तिच्यात सामील असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्याच्याकडे जावे. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांत मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेप्रमाणे दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. हा हक्क आहे, भीक नव्हे. बाहेरगावाहून टाटात आलेल्यांना दादरच्या गाडगेबाबांच्या धर्मशाळेचा मोठा आधार आहे.

डॉक्टर राउंडला येतात तेव्हा आईबाप गांगरतात आणि विचारायचे राहून जाते. म्हणून मुलाच्या जुन्या वहीत आदल्या रात्री प्रश्न लिहून ठेवावेत. आजाराचे नाव काय, हे औषध कशासाठी, पुढे काय करणार? उत्तर कळले नाही तर पुन्हा विचारावे. अर्धवट कळलेले रात्रभर डोके पोखरते. लेकरालाही खरे सांगावे. "सुई दुखणार नाही" असे म्हणू नये. "थोडी दुखेल, मी हात धरते" असे म्हणावे.

आता भेटायला येणाऱ्यांविषयी थोडे कडक बोलतो. "आधी का नाही आणलं?" हा प्रश्न खाटेजवळ विचारू नये. अंगारा-धुपारा आणू नये. मागल्या जन्माचे पाप म्हणणाऱ्यांना तर दारातूनच परत पाठवावे. "बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथात बाबासाहेबांनी मागल्या जन्मीच्या कर्माची ती कल्पना साफ नाकारली आहे. आधीच आई मनात स्वतःला दोष देत असते, त्यात भर घालायची गरज नाही.

बाबासाहेब आणि माता रमाईंनी चार लेकरे गमावली. १९२६ साली राजरत्न गेला, तेव्हा पेनिसिलिनचा शोधही लागला नव्हता. त्या वर्षी बाबासाहेबांनी आपले स्नेही दत्तोबा पवार यांना पत्र लिहून आपले दुःख मोकळे केले. एवढा मोठा माणूस मित्राजवळ मन उघडतो, मग आपल्या बापांनी का कोंडून घ्यावे? वेळ मिळूनही झोप येत नसेल, अन्न जात नसेल, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर सरकारच्या टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे; तिथे मराठीतही बोलता येते. २०२२ पासून तो चालू आहे.

घरी आल्यावरही लेकरू काही दिवस आईला सोडत नाही, रात्री दचकते, कधी अंथरूण ओले करते. मारू नये, हळूहळू ते निवळते. डबाही डिस्चार्जच्या दिवशी बंद करू नये, आणखी आठवडाभर चालू ठेवावा. पुढच्या तपासणीची तारीख डिस्चार्ज कार्डावर असते, ती शेजारच्या घरच्या कॅलेंडरवरही लिहून ठेवावी.