हँडलची उंची

पन्नाशी उलटल्यावर मी पुन्हा सायकलवर बसलो. दिवसभर गादीवर बसून हिशेब पाहणाऱ्या माणसाला सकाळचा तासभर व्यायाम घडावा, एवढाच हेतू होता. पंधरा दिवसांत उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका बधिर होऊ लागली. दुकानात वही लिहिताना पेन निसटू लागले. घरात मधुमेहाची, मानेच्या मणक्यांची चर्चा सुरू झाली आणि सायकल पुन्हा जिन्याखाली जाणार, असे दिसू लागले.

मुलाने टेप आणून मोजले. सीट जमिनीपासून ९२ सेंटीमीटर, हँडल ८५.

हँडल इतके खाली असले की धड पुढे झुकते आणि शरीराचा भार तळहातांवर येतो. मनगटापासून करंगळीच्या बाजूने अल्नर नावाची नस जाते. ती मुठीवर दाबली गेली की नेमक्या या दोन बोटांना मुंग्या येतात. शर्यतीतले स्वार वारा चुकविण्यासाठी वाकतात. भाजी आणायला निघालेल्याने त्यांची नक्कल का करावी? हँडल सीटच्या पातळीत किंवा किंचित वर असावे, हे आमच्यासारख्यांना पुरेसे. सायकलवरून उतरल्यावरही बधिरपणा टिकत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

आधी सीट ठीक करावी. पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच टेकवली की गुडघा सरळ व्हावा. मग हँडल. जुन्या धाटणीच्या सायकलीत हँडलच्या दांड्याच्या माथ्यावर एक बोल्ट असतो. तो दोन-तीन आटे सैल करावा, पूर्ण काढू नये. त्यावर लाकडी हातोडीचा हलका ठोका दिला की आतली पाचर सुटते. पुढचे चाक गुडघ्यांत धरून हँडल थोडे फिरवीत उचलावे. एका वेळी एखादा सेंटीमीटर पुरे.

दांड्यावर कमाल मर्यादेची खूण कोरलेली असते. ती बाहेर दिसता कामा नये, कारण दांडा आत पुरेसा रोवलेला नसेल तर चालत्या सायकलीत हँडल हातात येऊ शकते. ज्या कारागिराकडे मी प्रथम गेलो, त्याने माझ्या आग्रहाखातर खूण ओलांडून हँडल बसवून दिले होते! दोष अर्धा माझाच.

नव्या सायकलींत पाचर नसते. तिथे हँडल धरणाऱ्या स्टेमच्या वर असलेल्या कड्या खाली घेऊन उंची मिळते. कड्या नसतील तर वर वळलेला स्टेम घ्यावा. पुन्हा बसविताना आधी माथ्याचा बोल्ट खेळ जाईल इतकाच आवळावा, मग बाजूचे.

शेवटी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ब्रेकच्या तारा ताणल्या जात नाहीत ना, हे पाहावे. दांड्यांचे जुने ब्रेक असतील तर ते नव्याने जुळवावे लागतात.

माझे हँडल सहा सेंटीमीटर वर आले, तेही खुणेच्या आत. दहाव्या दिवशी रोजकीर्द लिहिताना बोटांकडे लक्षच गेले नाही.