स्कोप धूसर दिसतोय? विकायच्या आधी हे वाचा

ज्यांना अख्खा एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी ही लिखित आवृत्ती. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे ‘म्हणजे बघा’ थोडे कमी केलेत.

माझा मावसभाऊ टेक्ससला असतो आणि एफ-क्लास खेळतो. जमिनीवर पालथं पडायचं, रायफल रेस्टवर टेकवायची आणि १००० यार्डांवरचं, म्हणजे जवळपास ९१४ मीटरवरचं टार्गेट मारायचं. त्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ फक्त १० इंचांचं, छोट्या ताटलीएवढं. आपल्याकडे रायफल म्हटलं की कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे आणि पॅरिस २०२४चं ब्राँझ आठवतं. पण ऑलिंपिकच्या रायफलवर दुर्बीण चालत नाही, तिथे बारीक छिद्रातून नेम धरतात. एफ-क्लासमध्ये ती चालते, आणि दादाचं सगळं दुखणं तिथूनच सुरू झालं.

दोन महिन्यांपूर्वी त्याचा फोन आला. “स्कोप गेला रे माझा. टार्गेट धूसर दिसतंय, नेमही सरकतोय. विकतो हा आणि नवा घेतो.” नव्याची किंमत ऐकली आणि मी म्हटलं, “दादा, थांब जरा. एवढ्यात इथे बाईक येते!” मी रायफलवाला नाही, आकाशदर्शनवाला आहे. पण भिंगांचं गणित दोन्हीकडे तेच.

त्याने आयपीसला मोबाईल लावून फोटो पाठवला. फोटो एकदम स्वच्छ! इथे बरेच जण फसतात. मोबाईलचा कॅमेरा स्वतःच फोकस करून घेतो, त्यामुळे तुमच्या डोळ्याला होणारा त्रास त्यात दिसतच नाही. त्या फोटोवरून स्कोप चांगला की वाईट हे ठरवू नका.

मग आम्ही व्हिडिओ कॉलवर बसलो. सगळ्यात आधी रायफलचा बोल्ट काढून बाजूला. चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय स्कोपला हात लावायचा नाही, घरी तर नाहीच नाही.

पहिली तपासणी डोळ्याजवळच्या रिंगची, तिला डायॉप्टर म्हणतात. ती टार्गेटसाठी नसते, आतल्या क्रॉसहेअरसाठी असते. मोकळ्या आकाशाकडे स्कोप करायचा (सूर्याच्या आसपाससुद्धा नाही, डोळा जाईल), एक-दोन सेकंद बघायचं आणि नजर काढायची. पहिल्या क्षणाला रेघा काळ्याभोर दिसल्या पाहिजेत. नाही दिसल्या तर रिंग थोडी फिरवायची आणि पुन्हा बघायचं. टक लावून बघितलंत तर डोळा स्वतःच जुळवून घेतो, तुम्हाला वाटतं सगळं झकास आहे, आणि अर्ध्या तासाने डोकं दुखायला लागतं. दादाला विचारलं, “चष्म्याचा नंबर कधी बदलला?” “गेल्या दिवाळीत.” आणि रिंग? ती तीन वर्षांपूर्वीच्याच जागेवर!

दुसरी गोष्ट पॅरलॅक्स. नेम सरकण्याचं कारण बहुतेक वेळा हेच. टार्गेटची प्रतिमा आणि क्रॉसहेअर हे स्कोपच्या आत एकाच पातळीवर यावे लागतात. नाही आले, तर डोकं जरा हललं की रेघ टार्गेटवरून सरकते, रायफल जागची हललेली नसली तरी. बसच्या खिडकीतून जवळचा खांब आणि लांबचा डोंगर वेगवेगळे सरकतात ना, तसंच. किती फरक पडतो बघा. स्कोपचं पुढचं भिंग ५६ मिलिमीटरचं, पॅरलॅक्स १०० यार्डांवर लावलेला आणि टार्गेट १००० यार्डांवर. डोळा अगदी कडेला गेला, तर नेम सुमारे २५ सेंटिमीटर चुकू शकतो. दहाचं वर्तुळ मध्यापासून जेमतेम १३ सेंटिमीटर! नवा, महाग स्कोप घेतला असता आणि नॉब असाच ठेवला असता, तरी चूक तेवढीच झाली असती.

नॉबवरच्या आकड्यांवर विसंबू नका, ते अंदाजे असतात. रायफल पक्की टेकवा, डोकं किंचित वर-खाली करा आणि रेघ टार्गेटला चिकटून राहीपर्यंत नॉब फिरवा. पण आधी डायॉप्टर, मगच हे. क्रम उलटा केलात तर नुसते गोल फिरत बसाल.

एवढं करूनही दादा म्हणाला, “सकाळी मस्त दिसतं, दुपारी पुन्हा पाणी-पाणी.” अरे, हा तर मृगजळाचा खेळ! मे महिन्यात डांबरी रस्त्यावर हवा थरथरते तीच. तापलेल्या हवेच्या थरांतून प्रकाश वाकत येतो, आणि झूम वाढवला की थरथरही तेवढीच मोठी दिसते. त्याने झूम कमी केला आणि टार्गेट जरा स्थिर झालं. तापलेल्या नळीवरूनही अशी वाफाळ हवा थेट स्कोपसमोर येते, म्हणून नेमबाज नळीवर एक लांब पट्टी लावतात. सकाळी स्वच्छ आणि दुपारी खराब असेल, तर दोष काचेचा नाही. कितीही महाग काच घ्या, हवा तीच राहणार.

आता खरोखर बिघाड कधी समजायचा? बाहेरून बाष्प धरलं तर काळजी नको. एसी गाडीतून कोकणात उतरल्यावर चष्म्याचं होतं तेच, थोड्या वेळाने जातं. पण धुकं भिंगाच्या आतल्या बाजूला असेल, तर सील गेलंय. आत भरलेला कोरडा वायू निघून गेलाय. तेव्हा सर्व्हिस सेंटरलाच पाठवा, स्क्रू स्वतः उघडू नका. आणि पॅरलॅक्स नीट लावूनही नेम सरकतच असेल, तर आधी माउंटचे स्क्रू सैल आहेत का ते बघा.

दादाने स्कोप विकला नाही. गेल्या रविवारी मॅचनंतर फोन आला, तेव्हा म्हणाला, “दोन गोळ्या नऊमध्ये गेल्या रे.” मी विचारलं, “आता काय झालं?” तर म्हणे, “वारा. तो मलाच वाचता आला नाही.”