जत्रेंतील गाळा व गिऱ्हाइकाशीं बोलणें

पीक काढावें, अडत्याच्या हवालीं करावें आणि पट्टी येईल ती मुकाट्यानें घ्यावी, एवढ्यांतच आजवर आपला व्यापार संपत असे. अलीकडे ही स्थिति थोडी पालटली आहे. पुण्यास डिसेंबर महिन्यांत भरणारी भीमथडी जत्रा, मुंबईंतील महालक्ष्मी सरस प्रदर्शन व जिल्ह्याच्या गांवीं भरणारे धान्यमहोत्सव यांमुळें पिकविणारा व खाणारा समोरासमोर येऊं लागले आहेत. परंतु अडत्यापुढें आपणांस बोलण्याची गरज नव्हती. येथें ती आहे. माल उत्तम असूनहि तो परत गांवीं आणणारे शेतकरी मीं पाहिले आहेत. किंबहुना त्यांतलाच मी एक. म्हणून स्वानुभवाच्या चार गोष्टी वाचकांपुढें ठेवितों.

माझें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें. तेथें लोक आपण होऊन येत व टेबलापुढें उभे राहत. सेवानिवृत्तीनंतर पुतण्याच्या गुऱ्हाळाचा गूळ घेऊन शहरांतील एका जत्रेंत गाळा घेतला, तेव्हां हीच जुनी खोड नडली. पुढें टेबल, मागें आम्ही दोघे खुर्च्यांवर, हातांत हिशेबाची वही! लोक दुरून पाहत आणि पुढें जात. गाळ्याचें व गाडीचें भाडें अंगावर, आणि पहिल्या दिवसाची विक्री गाळ्याच्या भाड्यासहि पुरली नाहीं. त्या रात्रीं विचार करून आम्हीं पुढील फेरफार केले.

पहिली गोष्ट मांडणीची. टेबल बाजूस सारून आम्ही उभे राहिलों व गाळ्याचें तोंड मोकळें ठेविलें. एक अखंड ढेप दर्शनीं ठेविली, परंतु विक्रीसाठीं अर्ध्या व एका किलोचीं पुडकीं केलीं. कारण बसनें घरीं जाणारा मनुष्य १० किलोंची ढेप काय म्हणून उचलील? भाव ठळक आंकड्यांत लिहिला. भाव विचारण्याचा संकोच वाटून पुष्कळ लोक तसेच निघून जातात, हें ध्यानांत ठेवावें.

दुसरी गोष्ट पहिल्या शब्दाची. ‘घ्या, घ्या’ असा पुकारा केल्यानें मनुष्य बिचकतो. ‘काय पाहिजे?’ असें विचारल्यास ‘कांहीं नाहीं, नुसतें पाहतों’ हें उत्तर ठरलेलेंच. त्याऐवजीं हरभऱ्याएवढा खडा चमच्यानें द्यावा व विचारावें, ‘आपल्याकडे गूळ चहाला लागतो कीं पोळ्यांना?’ या प्रश्नास नाहीं म्हणून उत्तर देतां येत नाहीं. खडा तोंडांत असेपर्यंत मात्र आपण गप्प राहावें. त्या वेळीं माल स्वतःच बोलत असतो.

तिसरी गोष्ट समजावून सांगण्याची. आमचा गूळ तपकिरी. शहरांतील लोकांच्या डोळ्यांस पिवळाधमक गूळ चांगला वाटतो. आम्हीं भेंडीचें एक खोड व मळी काढण्याची झारी गाळ्यांत ठेविली. हें काय, असें लोक आपण होऊन विचारूं लागले. मग पुतण्यानें सांगावें : उसाचा रस काहिलींत तापला कीं मळी वर येते, ती नीट सुटावी म्हणून भेंडीचा चिकट रस घालतात, मळी काढून रस आटवितात. रंग उजळावा म्हणून कित्येक ठिकाणीं हायड्रॉस नांवाची गंधकयुक्त पूड घालतात. ती आम्ही घालीत नाहीं. त्याच वेळीं हेंहि सांगावें कीं, जमीन व उसाची जात यांवरहि रंग अवलंबून असतो. केवळ काळसर रंग हा शुद्धतेचा पुरावा नव्हे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दुसऱ्या दिवशीं एका बाईंनीं विचारलें, ‘घरांत मधुमेह आहे, हा गूळ चालेल ना?’ पुतण्या भरांत होता. ‘खुशाल चालेल’ म्हणून गेला. मला राहवलें नाहीं. मी म्हणालों, ‘बाई, गुळांत मुख्यतः साखरच असते. वैद्यांस विचारल्याशिवाय देऊं नका.’ त्या कांहीं न घेतां गेल्या व पुतण्या रुसला. ‘काका, असें केल्यास माल कसा खपेल?’ हा त्याचा प्रश्न खोटा नव्हता; गुऱ्हाळाचें कर्ज त्याच्या डोक्यावर आहे. मीं त्यास एवढेंच सांगितलें कीं, सातबाऱ्यावर एक खोटी नोंद पडली तर ती निस्तरतांना दोन पिढ्या कचेरीच्या पायऱ्या झिजवितात, हें मीं पाहिलें आहे. शेजारीं उभे राहून हें ऐकणाऱ्या एका गृहस्थांनीं मात्र दोन किलो गूळ नेला. नांवाविषयींहि हेंच. कोल्हापुरी गुळास २०१४ सालीं व सांगलीच्या हळदीस २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. दुसरीकडच्या मालानें तें नांव लावणें हा खोटेपणाच होय.

शेवटीं व्यवस्थेविषयीं. गर्दींत एकानें बोलावें, दुसऱ्यानें वजन व पैसे पाहावे. तराजूवर चालू वर्षाचा शिक्का असावा. मोबाइलनें पैसे घेण्याची पाटी दर्शनीं लावावी. पुडक्यावर नांव, गांव, दूरध्वनी, वजन, भरल्याची तारीख व अन्नपरवान्याचा किंवा नोंदणीचा क्रमांक असावा. न घेणाऱ्यावरहि रागावूं नये. त्यास पत्त्याची चिठ्ठी द्यावी. जे राजी असतील त्यांचीं नांवें वहींत टिपून संक्रांतीपूर्वीं कळवावें.

आमचा सर्व माल खपला असें नाहीं. थोडा परत आणावा लागला. परंतु खर्च निघून पदरांत कांहीं उरलें, आणि वहींत टिपलेल्या घरांतून पुढें मागणी आली. जत्रा चार दिवसांची असते. जोडलेलें गिऱ्हाईक वर्षानुवर्षांचें असतें. वाचकांनीं गाळा घेण्यापूर्वीं घरच्या माणसांस समोर उभें करून आपल्या मालाविषयीं चार वाक्यें मोठ्यानें बोलून पाहावीं, एवढीच सूचना करून हा लेख पुरा करितों.