पंख्याचं विमान आणि आपल्या घाटातलं पाणी



मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईंनी विषय काढला. मुलीला दहावीनंतर मेकॅनिकलचा डिप्लोमा करायचाय, पण घरचे म्हणतात, "इंजिनाचं काम मुलींचं नव्हे." मुलगी सोबतच होती. आम्ही म्हटलं, "बाळा, इंजिन म्हणजे काय ते आम्हाला तरी सांग." तिनं पंख्याच्या विमानाचं इंजिन समजावलं. तेच आज तुम्हाला सांगणार आहोत.

सुरुवात आपल्या घाटापासून करू. वळवण, लोणावळा, शिरोता इथल्या तलावांचं पाणी मोठ्या पाइपांतून खाली खोपोलीला उतरतं. ते जोरानं चाकावर आदळतं, चाक फिरतं आणि वीज तयार होते. 1915 पासून हे चाललंय. हे फिरणारं चाक म्हणजे टर्बाइन.

विमानात पाण्याऐवजी गरम वायू असतो. इंजिन पुढून हवा ओढतं आणि दाबून भरतं, लोहाराच्या भात्यासारखं. त्या हवेत रॉकेलच्या जातीचं इंधन जळतं. तापलेला वायू जोरानं बाहेर धावताना टर्बाइन फिरवतो आणि टर्बाइन पुढचा पंखा फिरवतं. पंखा हवा मागे लोटतो, विमान पुढे जातं. याला टर्बोप्रॉप म्हणतात.

टर्बाइन मिनिटाला हजारो फेरे घेतं. पंखा तेवढा फिरला तर ताकद वायाच जाईल. म्हणून मध्ये गिअर असतात. पिठाच्या गिरणीत मोटरचं चाक लहान आणि जात्याचं मोठं ठेवून वेग उतरवतात, तसंच हे.

पंखा दिसला म्हणजे विमान जुनाट, असं समजू नका. जेटपेक्षा ते हळू जातं, पण जवळच्या अंतराला इंधन कमी लागतं आणि लहान धावपट्टी पुरते. 9 ऑक्टोबर 2021 ला सिंधुदुर्गातला चिपी विमानतळ सुरू झाला, तेव्हा मुंबईहून पहिलं प्रवासी विमान आलं ते पंख्याचंच, एटीआर.

नौदलाचं डॉर्नियरही याच जातीचं. 3 ऑगस्ट 2022 ला पोरबंदरहून पाच महिला अधिकारी डॉर्नियर घेऊन अरबी समुद्रावर टेहळणीला गेल्या. चालवणाऱ्या त्याच, यंत्रांवर नजर ठेवणाऱ्याही त्याच. विमानात एकही पुरुष नव्हता.

आपल्या लोणावळ्यातच आयएनएस शिवाजी आहे. 1945 पासून तिथे नौदलाला जहाजांची इंजिनं शिकवतात. जहाजांनाही गॅस टर्बाइन असतात. म्हणजे ही विद्या आपल्या उंबऱ्याशीच आहे.

मुलीचं बोलून झालं, तेव्हा तिची आजी म्हणाली, "एवढं समजतंय तर शिकू दे की." फॉर्मच्या फीसाठी ताईंनी गटातून कर्ज मागितलं, आम्ही त्याच बैठकीत मंजूर केलं.

तुमच्या गटातही अशी एखादी मुलगी असेल. पुढच्या बैठकीत तिला बोलवा आणि आधी तिचं ऐका.