कावळ्याच्या घराची फेरतपासणी

कावळ्याचे घर शेणाचे आणि चिमणीचे मेणाचे, ही गोष्ट ऐकल्याशिवाय मराठी घरातले मूल पहिला घास गिळत नाही. पाऊस येतो, कावळ्याचे घर वाहून जाते, चिमणीचे टिकते. निकाल लागला! पण त्या बिचाऱ्या कावळ्याची बाजू कोणी ऐकून घेतली आहे का?

चौथीच्या वर्गात मी ही गोष्ट थोडी पुढे नेली. “पावसाळा सरला, वैशाख आला. आता चिमणीचे काय?” सगळे ओरडले, “घर वितळणार!” मी म्हटले, “करूनच पाहू या.”

एकाच साच्याने तीन वड्या पाडल्या : एक मधमाशांच्या मेणाची, एक निव्वळ शेणाची, एक शेण, माती आणि भुसा कालवलेली. आठ दिवस वाळवल्या. मग प्रत्येकीवर झारीने सारख्याच उंचीवरून सारखेच पाणी ओतले. एकीला जास्त, दुसरीला कमी, असे चालणार नाही. न्याय म्हटला की माप सारखे हवे. मेणावरून थेंब घरंगळले. निव्वळ शेणाच्या कडा ढासळल्या. भुसा घातलेली मात्र पुष्कळ तगली. त्याचे धागे माती धरून ठेवतात.

दुसऱ्या दिवशी वड्या दोन-दोन विटांवर पुलासारख्या ठेवून उन्हात मांडल्या. दुपारी पाहतो तो मेण वितळलेले नव्हते. मधोमध वाकले होते! हे मेण वितळायला ६२ ते ६४ अंश सेल्सिअस उष्णता लागते. मऊ मात्र ते त्याच्या खूपच आधी पडते. म्हणजे वर्गही चुकला आणि मनातून तेच धरून बसलेली मीही चुकले. मुलांना याचा केवढा आनंद!

इतक्यात मागच्या बाकावरची, एरवी न बोलणारी मुलगी उठली. “बाई, आमच्या गावच्या घराच्या भिंती शेणामातीनेच लिंपलेल्या आहेत. त्या नाही वाहून जात. कावळ्याच्या घराला वळचण नव्हती का?”

वर्ग गप्प झाला. इतके दिवस शेणाच्या घराला आम्ही खुशाल हसत होतो, आणि ती ते ऐकत होती.

भुसा घातलेली नवी वडी उभी केली, वर पुठ्ठ्याचे पुढे आलेले छप्पर ठेवले आणि तेवढेच पाणी ओतले. पाणी वळचणीवरून बाहेर पडले. वडी जवळजवळ कोरडीच! त्या दिवशी वर्गाची बाई ती होती.

दिवाळीच्या किल्ल्यासाठी तुमच्या अंगणात किंवा गच्चीत माती आलीच असेल. त्यातली मूठभर बाजूला काढा, मुलांना वड्या पाडू द्या. मागून हात मात्र साबणाने धुवायला लावा. आजीची गोष्ट बदलायला नको. ती रात्री जशीच्या तशी सांगावी, आणि सकाळी मुलांनी तिची खुशाल उलटतपासणी घ्यावी. आजी रागावणार नाही.