अपुरे राहिलेले बारा बाण

बाण ही वस्तू आपल्या इतक्या परिचयाची आहे की तिच्याकडे कोणी निरखून पाहत नाही. एक सरळ काठी, पुढे टोक, मागे पिसे. लहान मुलाने काढलेल्या चित्रातही हे तीन भाग बिनचूक येतात. परंतु जो कोणी स्वतःच्या हातांनी बाण तयार करावयास बसतो, त्यास थोड्याच दिवसांत कळून चुकते की चित्रातला बाण आणि उडणारा बाण यांत मोठे अंतर आहे. दोन बाण डोळ्यांना अगदी सारखे दिसतात. एकाच माणसाने, एकाच धनुष्यावरून, एकच नेम धरून ते सोडलेले असतात. तरीही एक लक्ष्यात रुततो आणि दुसरा हातभर डावीकडे जातो. असे का व्हावे? हे समजून घेण्यासाठी आल्प्स पर्वतात सापडलेल्या एका भात्याइतके चांगले साधन नाही. कारण त्या भात्यात पुरे झालेले आणि अपुरे राहिलेले, असे दोन्ही प्रकारचे बाण एकत्र मिळाले आहेत.

१९ सप्टेंबर १९९१ रोजी ऑस्ट्रिया व इटली यांच्या सीमेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३२१० मीटर उंचीवर, दोन जर्मन गिर्यारोहकांना वितळत्या बर्फातून बाहेर आलेले एक प्रेत दिसले. प्रथम ते एखाद्या अलीकडच्या अपघातातील असावे असे वाटले. तपासणीअंती ते सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचे ठरले. ओट्झटाल या प्रदेशावरून या माणसास 'ओट्झी' असे नाव पडले. त्याच्याजवळ तांब्याच्या पात्याची कुऱ्हाड होती, यू वृक्षाच्या लाकडाचे १ मीटर ८२ सेंटीमीटर लांबीचे धनुष्य होते, आणि हरणाच्या कातड्याचा एक भाता होता. भात्यात चौदा बाण होते. त्यांपैकी केवळ दोन पुरे झालेले होते आणि तेही मोडलेले. उरलेले बारा म्हणजे नुसते दांडे, ८४ ते ८७ सेंटीमीटर लांबीचे. त्यांना ना पिसे, ना टोक. धनुष्यदेखील तासून संपलेले नव्हते. हा मनुष्य आपली शस्त्रसामग्री नव्याने तयार करीत असतानाच मरण पावला, असे यावरून दिसते. आपल्या दृष्टीने यात विशेष असे की, कारागिराच्या हातातून काम मध्येच खाली पडावे तशा स्थितीत ते आपल्यापर्यंत येऊन पोचले आहे.

प्रथम दांड्यांकडे पाहू. ते व्हायबर्नम लँटाना नावाच्या झुडपाच्या फोकांचे आहेत. फळी चिरून काढलेली काठी आणि झुडपाचा सरळ वाढलेला फोक यांत महत्त्वाचा भेद आहे. फळी चिरताना करवत लाकडाच्या तंतूंना कोठे ना कोठे छेदून जाते. फोकात मात्र तंतू बुडापासून शेंड्यापर्यंत अखंड असतात. जेथे तंतू तिरपे होऊन दांड्याच्या बाहेर निघतात, तेथे बाण सुटण्याच्या क्षणी तुटू शकतो, आणि त्याचे मागचे टोकदार तुकडे धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकतात. म्हणून बाण प्रत्यंचेवर चढविण्यापूर्वी प्रत्येक वेळी तो दोन्ही हातांत धरून किंचित वाकवून पाहावा, असा जाणत्यांचा नियम आहे. उत्तर अमेरिकेत याच व्हायबर्नम वंशातील एका झुडपास 'बाणाचे लाकूड' अशाच अर्थाचे नाव आहे. आपल्याकडे हे काम बांबूने व शर नावाच्या गवताने केले. संस्कृतात 'शर' हा शब्द त्या गवतासही लागतो आणि बाणासही, ते काही उगाच नव्हे.

फोक हिवाळ्यात, झाडातील रस कमी असताना तोडावा. साल काढून अनेक फोक एका जुडीत घट्ट बांधावे आणि सावलीत काही महिने वाळू द्यावे, म्हणजे ते एकमेकांना सरळ धरून ठेवतात. एवढे करूनही बाक राहतोच. तो निखाऱ्यावर किंवा वाफेवर शेकून, तळहाताच्या टाचेवर दाबून काढावा लागतो. दांडा डोळ्यासमोर लांब धरून त्याच्या अंगावरून नजर न्यावी, बाक दिसला की शेकावे, दाबावे, थंड होऊ द्यावे, पुन्हा पाहावे. हे काम कंटाळवाणे आहे खरे. पण घाई केली तर दांडा करपतो, नाहीतर मोडतो.

आता आपण आरंभीच्या प्रश्नाकडे येतो. साध्या धनुष्यावर बाण मध्यभागी बसत नाही, कारण मध्ये धनुष्याचे लाकूड असते. उजव्या हाताने प्रत्यंचा ओढणाऱ्याचा बाण धनुष्याच्या डाव्या अंगास टेकलेला असतो. प्रत्यंचा सुटली म्हणजे ती मात्र धनुष्याच्या मध्याकडे धावते. बाणाची दिशा अशा रीतीने किंचित डावीकडे झुकलेली असल्यामुळे तो डावीकडेच जावयास हवा. तरीही चांगला बाण सरळ जातो! यालाच 'धनुर्धराचा विरोधाभास' असे म्हणतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात क्लॅरेन्स हिकमन व पॉल क्लॉप्स्टेग या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञांनी धनुष्यबाणाचा पद्धतशीर अभ्यास केला, आणि अतिवेगी चित्रणाच्या साहाय्याने याचा उलगडा डोळ्यांना दिसू लागला. सुटलेला बाण काठीसारखा ताठ राहत नाही. मागून बसलेल्या धक्क्याने तो आधी धनुष्यावर दाबला जाऊन वाकतो, मग विरुद्ध बाजूस वाकतो, आणि पोहणाऱ्या सापासारखा धनुष्याला वळसा घालून पुढे निघतो. त्याची शेपटी धनुष्याजवळून जाते त्या क्षणी ती बाहेरच्या अंगास वळलेली असली, तर ती लाकडास न घासता निसटते.

हा सर्व प्रकार डोळ्याचे पाते लवण्याच्या आत उरकतो. तेवढ्या वेळात बाणाचे वाकणे व उलट वाकणे नेमके बसले पाहिजे. दांडा फार ताठ असेल तर तो पुरेसा वाकत नाही आणि उजव्या हाताच्या धनुर्धराचा बाण डावीकडे जातो. फार लवचीक असेल तर उजवीकडे. जोरदार धनुष्यास ताठ दांडा लागतो, हलक्या धनुष्यास मऊ. थोडक्यात, सर्व धनुष्यांना चालेल असा बाण नसतो. धनुष्य पाहूनच दांडा निवडावा लागतो. ओट्झीच्या दांड्यांबद्दल विचार करताना ही गोष्ट विसरता येत नाही. त्याचे धनुष्यच अजून तासून व्हावयाचे होते. ते किती जोराचे निघणार हे कळल्याशिवाय दांड्यांवर शेवटचा हात फिरविणे बरोबर नव्हे. त्याने ते याच कारणाने थांबविले होते काय, हे मात्र सांगता येणार नाही.

दांड्याचा ताठरपणा घरीही मोजता येतो. परस्परांपासून ६६ सेंटीमीटर अंतरावर दोन खिळे ठोकावेत, त्यांवर दांडा आडवा ठेवावा, बरोबर मध्यावर सुमारे ९०० ग्रॅम वजन टांगावे आणि दांडा किती खाली झुकतो ते पट्टीने पाहावे. ज्यांचा झुकाव सारखा, ते दांडे एका भात्यातले समजावे. हे करून पाहणारास एक आश्चर्य अनुभवास येते. गोल दांड्याचा ताठरपणा त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. म्हणजे एक दांडा ९ मिलिमीटर जाडीचा व दुसरा १० मिलिमीटर जाडीचा असेल, तर लाकूड तेच असूनही दुसरा पहिल्याच्या दीडपटीहून थोडा अधिक ताठ असतो. डोळ्यांना हा एक मिलिमीटर जाणवतही नाही. 'दोन बाण अगदी सारखे दिसतात' हे वाक्य किती फसवे आहे ते आता ध्यानात यावे. काचकागदाने एकसारखे घासत बसणारा हौशी कारागीर दांडा गुळगुळीत करीत असतो अशी त्याची समजूत असते. वस्तुतः तो धनुष्याशी जमलेले नाते बिघडवीत असतो.

लांबीचाही असाच प्रभाव आहे. आधारांमधील अंतर बदलले तर झुकाव त्या अंतराच्या घनाप्रमाणे बदलतो. ८७ सेंटीमीटरचा दांडा तीन सेंटीमीटरने कापला, तर त्याच हिशेबाने झुकाव सुमारे एक दशांशाने कमी होतो. म्हणून बाण कापणे ही शेवटची आणि न परतणारी पायरी होय. धनुष्य पूर्ण ओढून, दुसऱ्याकडून दांड्यावर खूण करवून घ्यावी. ओढलेल्या स्थितीत दांडा धनुष्याच्या पुढे दोन-तीन सेंटीमीटर तरी राहिला पाहिजे. तोकडा बाण ओढताना धनुष्याच्या आत घसरला, तर सुटताना तो धनुर्धराच्या हातातच शिरेल. कापण्यास बारीक दात्यांची करवत घ्यावी आणि दांडा हळूहळू फिरवीत सभोवार चीर पाडावी. पकडीने तोडल्यास तंतू चिरडतात. पुढे जड टोक बसविले म्हणजे दांडा अधिक मऊ असल्यासारखा वागतो, हेही हिशेबात धरावे.

मागच्या टोकास प्रत्यंचेसाठी जी खाच पाडतात, ती लाकडाच्या वार्षिक थरांना आडवी हवी. थरांच्या दिशेने पाडली तर प्रत्यंचेचा धक्का पाचरीसारखा बसून दांडा उभा चिरतो. खाचेखाली दोऱ्याचे चार वेढे दिले म्हणजे भीती आणखी कमी होते. बाणाच्या या मागच्या अंगास आपल्याकडे 'पुंख' म्हणत. उन्हाळी नावाची रानवनस्पती पुष्कळांनी पाहिली असेल. तिची पर्णिका दोन्हीकडून ओढून तोडली तर ती सरळ न फाटता बाणाच्या खाचेसारखी फाटते. म्हणून तिचे संस्कृत नाव 'शरपुंखा'. नाव ठेवणाऱ्याने बाण जवळून पाहिले होते यात शंका नाही.

पिसांचे काम बाणाला उडविण्याचे नसून त्याला वळणावर आणण्याचे आहे. टोकाच्या वजनामुळे बाणाचा गुरुत्वमध्य पुढे असतो. पिसांमुळे हवेचा अडथळा मागे वाढतो. बाण वाकडा होताच हवा त्याची शेपटी मागे ढकलून त्याला पुन्हा सरळ करते, आणि धनुष्यातून निघताना सुरू झालेली वळवळही लवकर शमवते. महाकाव्यांत 'कंकपत्र' व 'गार्ध्रपत्र' हे शब्द येतात, म्हणजे कंकपक्ष्याची व गिधाडाची पिसे लावलेले बाण. आज घरी बाण करणाऱ्याने बदकाची, हंसजातीच्या पाळीव पक्ष्यांची किंवा टर्कीची गळालेली पिसे वापरावीत. पंखातील मोठे पीस घेऊन त्याचा कणा धारदार सुरीने उभा चिरावा आणि घासून चपटा करावा. तिन्ही पिसे एकाच बाजूच्या पंखातील हवीत. डाव्या व उजव्या पंखांतील पिसांचा बाक उलट असतो. ती मिसळली तर एक पीस बाणाला एका बाजूस फिरवू पाहते आणि दुसरे उलट बाजूस. पिसाचे बुड टोकाकडे व शेंडा खाचेकडे ठेवावा. एक पीस खाचेशी काटकोनात, धनुष्यापासून दूर असे लावावे, म्हणजे उरलेली दोन लाकडाजवळून सुखाने जातात. आणि गेली घासून, तरी पीस दबते व पुन्हा उभे राहते. स्पर्धांतील कार्बनच्या बाणांना बसविलेले प्लॅस्टिकचे पंखे इतके क्षमाशील नसतात.

ओट्झीच्या दोन पुऱ्या बाणांवर हे सर्व आढळते: तीन अर्धी पिसे, भूर्जाच्या सालीपासून काढलेल्या डांबराने चिकटविलेली, वर नेटल या खाजऱ्या वनस्पतीच्या तंतूंचा बारीक दोरा मळसूत्रासारखा गुंडाळलेला. आपण भूर्जपत्रांवरील पोथ्यांमुळे हा वृक्ष ओळखतो. त्याची साल हवा न लागू देता तापविली की काळे, चिकट डांबर ठिबकते. पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला ही क्रिया अवगत होती. दोऱ्याच्या वेढ्यांत आणखी एक गोष्ट दिसली: दोन बाणांवर ते परस्परविरुद्ध दिशांनी आहेत. एक बाण उजव्या हाताच्या व दुसरा डावखुऱ्या कारागिराने केला असावा, असे अनुमान त्यावरून काढले गेले. तसे असेल तर त्याच्या भात्यातील दोन्ही पुरे बाण त्याच्या एकट्याच्या हातचे नव्हते.

भात्यात सुमारे दोन मीटर लांबीची, जनावराच्या स्नायुतंतूंची दोरीही होती. बहुधा हीच प्रत्यंचा. चकमकीच्या दगडाला धार काढण्यासाठी पेन्सिलीसारखे एक हत्यार त्याने जवळ बाळगले होते: लाकडी दांडीत बसविलेला सांबरशिंगाचा अणकुचीदार तुकडा. म्हणजे टोके, दांडे, दोरी, सर्व जमविलेले होते. कमी होता तो वेळ, आणि कदाचित हात. कारण मृत्यूच्या काही दिवस आधी झालेली खोल जखम त्याच्या उजव्या हातावर आढळली आहे. अशा हाताने यूचे लाकूड तासणे किती अवघड, हे ज्याने एकदा सुरी हातात धरली आहे त्यास सांगावयास नको.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने वन्य प्राण्यांची शिकार निषिद्ध केली आहे. तेव्हा हे सर्व कसब आज गवताच्या पेंढ्यांच्या लक्ष्यावरच आजमावावयाचे आहे. लक्ष्याच्या मागे भिंत किंवा मातीचा बांध असावा, आणि बाण वेचण्यास कोणी पुढे गेले असता धनुष्य हातात घेऊ नये.

ओट्झीचा देह इटलीतील बोल्झानो येथील पुरातत्त्व संग्रहालयात उणे ६ अंश सेल्सियस तापमानात ठेवलेला आहे. सापडल्यानंतर दहा वर्षे तो थंडीने व थकव्याने मेला असेच अनेकांना वाटत होते. २००१ साली क्ष-किरणचित्रे पुन्हा घेतली असता त्याच्या डाव्या खांद्यात चकमकीच्या दगडाचे एक टोक रुतलेले दिसले. बाण मागून आला होता, आणि पुढील तपासणीत खांद्याजवळची मोठी रक्तवाहिनी त्याने फाडल्याचे आढळले. दांडा जागेवर नव्हता. तो कोणीतरी उपसून काढला असावा, आणि डांबराने व दोऱ्याने बांधलेले टोक आत राहिले असावे. त्या दांड्याचे लाकूड कोणते होते, त्याला किती पिसे होती आणि दोरा कोणत्या दिशेने गुंडाळलेला होता, हे सांगू शकणारा तो बाण बर्फात सापडलेला नाही.