एक घमेलं वाळू, एक टब पाणी

छोट्या दोस्तांनो, आधी एक कोडं. कोरडी असली की बोटांतून पळते, थोडी भिजली की किल्ला होऊन उभी राहते आणि जास्तच भिजली की पुन्हा आडवी पडते. ओळखा पाहू कोण? बरोब्बर, वाळू! आपल्या भागात तिला रेतीही म्हणतात.

मुंब्रा, डोंबिवली, कल्याण या खाडीकाठच्या गावांमध्ये 'रेतीबंदर' नावाची जागा आहे. खाडीतली रेती होड्यांमधून तिथे उतरायची आणि तिथून बांधकामांवर जायची. म्हणजे आपल्या भागातल्या कितीतरी जुन्या इमारतींच्या भिंतींत ही रेती आहे. गंमत बघा, घरात एवढी रेती, पण त्या घरातल्या चिमुकल्याला खेळायला मूठभर मिळत नाही! बांधकामाच्या ढिगावर चढला की वॉचमन ओरडतो आणि घरी बादलीत हात घातला की आई.

म्हणून आजचा लेख थोडा तुमच्यासाठी, थोडा तुमच्या धाकट्या भावंडांसाठी आणि बराचसा आई-बाबांसाठी आहे. त्यांना तो मोठ्याने वाचून दाखवा.

अंगणातली शाळा

पालकहो, वाळू-पाण्याचा खेळ हे काही नवं फॅड नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डी गावात ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. गरीब वस्तीतली मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. तीच अंगणवाडी. महागडी साधनं परवडणारी नव्हती. मग शिंपले, खडे, बिया, पानं हीच साधनं झाली. त्यांवरून मुलं मोजायला शिकली, लहान-मोठं लावायला शिकली. १९७५ पासून अंगणवाडी हा शब्द सरकारी योजनेतून देशभर पोचला. त्याची सुरुवात आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातली, हे ठाऊक असू द्या.

तिकडे अमेरिकेत बोस्टन शहरात १८८५ साली मुलांसाठी एका आवारात वाळूचा ढीग आणून टाकला. तिथल्या सार्वजनिक क्रीडांगणांची सुरुवात त्या ढिगापासून झाली, असं मानतात. झोपाळे, घसरगुंड्या नंतर आल्या. आधी आली वाळू!

गॅलरीत मांडा खेळ

साहित्य असं : एक घमेलं वाळू, एक पसरट टब, जुनी चाळणी, नरसाळं, दोन-तीन आकारांचे पेले, चमचा, करवंटी आणि औषधांच्या बाटल्यांची धुतलेली झाकणं. वाळू आणली की चाळा आणि पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुऊन उन्हात वाळवा. दगड भरडून केलेली 'क्रश सँड' मात्र नको. तिचे कण टोकदार असतात आणि धूळ नाकात जाते. खेळ झाला की वाळू झाकून ठेवा, नाहीतर मांजर तिचा भलताच उपयोग करील!

आता हे चार खेळ करून बघा.

पहिला, किल्ला कधी टिकतो? तीन वाट्यांत सारखी वाळू घ्या. एकीत पाणी घालू नका, दुसरीत दोन चमचे घाला, तिसरीत वाळू पार बुडेल इतकं घाला. तिन्ही वाट्या ताटात उलट्या करा. दुसऱ्या वाटीचा मुटका उभा राहतो. थोड्या पाण्याचे इवलेसे पूल दोन कणांमध्ये तयार होतात आणि कणांना एकमेकांकडे ओढून धरतात. पाणी जास्त झालं की कणांमधली सगळी हवा निघून जाते, पूल उरतच नाहीत, आणि किल्ला ढासळतो.

दुसरा, कुठे जास्त? दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी भरा. धाकट्याला विचारा, 'दोन्हीत सारखं ना?' तो हो म्हणेल. आता त्याच्यादेखत एका पेल्यातलं पाणी उंच, अरुंद बाटलीत ओता आणि पुन्हा विचारा. चार-पाच वर्षांचं मूल बहुधा बाटलीकडे बोट दाखवतं, 'इथे जास्त!' हसू नका. स्वित्झर्लंडच्या ज्याँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाने असेच प्रयोग करून दाखवून दिलं, की त्या वयात मुलांचा विचार असाच चालतो. सहा-सात वर्षांच्या सुमाराला तेच मूल म्हणू लागतं, 'अगं, ओतलंय फक्त, वाढवलंय कुठे?' ही समज नुसतं सांगून येत नाही. ती शंभर वेळा ओतून येते.

तिसरा, लोहचुंबक. चुंबक कागदात गुंडाळून कोरड्या वाळूतून फिरवा. कागदाला काळे कण चिकटतील. हे लोहयुक्त खनिज. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात ते असतं. दगड झिजला की ते कण नदीबरोबर वाहत येतात.

चौथा, बुडेल की तरंगेल? आधी अंदाज करायचा, मगच वस्तू पाण्यात सोडायची. लिंबू, नाणं, करवंटी, बटाटा. बटाटा बुडाला? आता पाण्यात मीठ विरघळवत जा. काही वेळाने बटाटेबुवा वर येतील!

या खेळात आई-बाबांनी एकच करायचं : जवळ बसायचं आणि 'असं नाही, असं कर' म्हणायचं नाही. विचारायचंच असेल तर, 'आता काय होईल?' एवढंच विचारा.

'अहो, पण पाणी!'

पालकसभेत हा विषय काढला की हमखास ऐकू येतं, 'बाई, आमच्याकडे टँकर येतो आणि तुम्ही पाणी खेळायला सांगता?' बरोबर आहे. पण खेळायला अर्धी बादली पुरते, आणि तेच पाणी नंतर कुंड्यांना किंवा संडासात टाकायला होतं. मीठ घातलेलं पाणी कुंड्यांना मात्र नको. पाणी संपतं, ते जपायचं असतं, हे मुलाला या अर्ध्या बादलीतूनच कळतं. पसारा होतो? जुनी चादर अंथरा आणि शेवटची पाच मिनिटं आवरायची ठेवा. फडकं मुलाच्याच हातात द्या.

वाळूवाचून अडलं तर माती आहेच. दिवाळीत सोसायटीच्या कोपऱ्यात किल्ला करताना कुणी 'हात घाण होतील' म्हणत नाही. अळीव पेरून हिरवळ करायची, खंदकात पाणी सोडायचं. चार दिवसांची ही मोकळीक वर्षभर द्यायला काय हरकत आहे?

इथे मात्र हयगय नाही

अगदी लहान मूल काही इंच पाण्यातही बुडू शकतं. डोक्याकडे भार जास्त असल्याने ते बादलीत तोल जाऊन पडतं आणि त्याला उठता येत नाही. ओरडतही नाही, सगळं गुपचूप होतं. म्हणून पाण्याचा खेळ चालू असताना मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं. फोन आला, दार वाजलं, तर मुलाला उचलून सोबत न्या. 'ताई बघते आहे' हे चालणार नाही. ताईसुद्धा लहानच आहे. खेळ संपला की टब रिकामा करून उपडा घाला.

चला, फिरायला!

ठाण्यात असाल तर मासुंदा तलाव, म्हणजे आपली तलावपाळी. काठाने चालताना बघा, वाऱ्याने लाटा कुठल्या बाजूला जातात? तळ्यात पडलेलं पान कुठे जाऊन थांबतं?

कल्याणचं दुर्गाडी तर दुहेरी सहल आहे. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण घेतलं आणि या खाडीकाठी मराठ्यांच्या आरमाराची पायाभरणी झाली. समुद्र इथून दिसतही नाही, तरी भरती-ओहोटी इथवर येते. सुरक्षित जागी उभं राहून पलीकडच्या काठावरचा एखादा दगड हेरा. तासाभराने पुन्हा पाहा, तो बुडाला की उघडा पडला? खाडीच्या पाण्यात मात्र उतरायचं नाही. चिखलात पाय रुततो आणि पाणीही स्वच्छ नाही.

खऱ्या वाळूसाठी हिवाळ्यात एक दिवस केळवे किंवा बोर्डीला जा. डोंबिवली-कल्याणकरांनी वसई रोडला पोचून डहाणूकडे जाणारी गाडी धरावी. केळवे रोडला किंवा डहाणू रोडला उतरून पुढे रिक्षा.

निघण्याआधी पंचांग बघा आणि पाऊणकी आठवा! कोकणातला जुना हिशेब असा : तिथीचा आकडा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार. म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती आणि सहा तास आधी, सकाळी पावणेदहाला, ओहोटी. साडेआठला पोचलात तर ओली, घट्ट वाळू पुढे पसरलेली. हा अंदाज आहे. किनाऱ्यावरच्या कोळी मंडळींना विचारून खात्री करा.

गुडघ्यापेक्षा खोल खड्डा खणू नका, बोगद्यात शिरू नका. वाळू क्षणात ढासळते. निळ्या फुग्यासारखा प्राणी दिसला तर हात लावू नका. तो 'ब्लू बॉटल', मेलेला असला तरी डंख करतो.

पावसाळ्यात धबधबे आणि नदीकाठ लहान मुलांसाठी नकोत. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान अख्खी महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती. जिथे आगगाडी अडकते तिथे आपण कोण? त्या दिवसांत गॅलरीतला टब आणि कागदाची होडी बरी.

तर दोस्तांनो, एका वहीत चारही खेळांचे अंदाज आणि उत्तरं लिहून ठेवा. 'कुठे जास्त?' हा प्रश्न धाकट्याला दर वाढदिवसाला विचारा आणि उत्तर तारखेसकट टिपा. ज्या वर्षी ते बदलेल, त्या दिवशी तो तुमच्याकडे बघून म्हणेल, 'एवढं साधं कसं कळत नाही तुला?'